नांदरुकाला वड म्हणालो

झाडाचं नाव चुकीचं घेतलेलं मला खपत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि त्यापायी मी बरीच माणसं दुखावली आहेत. पनवेलच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं वडाच्या कुळात घालवली. वड, पिंपळ, उंबर, पायर, नांदरुक, अंजीर, तुती, फणस, सगळी एकाच कुळातली. फणस आणि तुती नातेवाईक आहेत असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. तुतीचं एक फळ डोळ्यांजवळ नेऊन बघा आणि मग फणसाची साल बघा, असं मी म्हणतो. दोन्हीकडे पुष्कळ फुलं एकमेकांना चिकटून एकच फळ झालेलं असतं. एक चिमटीत मावतं, दुसरं खांद्यावर घ्यावं लागतं, एवढाच फरक.

एवढं ऐकायला कुणी थांबत नाही. खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत मला ‘झाडवाले सर’ म्हणतात, आणि मी जिन्यात दिसलो की लोक लिफ्ट पकडतात. मुलीच्या लग्नाची बोलणी करायला कराडजवळ व्याह्यांच्या गावी गेलो होतो, तिथेही मी गप्प बसलो नाही. त्यांनी परसातला उंबर कौतुकाने दाखवला. बुंध्याशी दत्ताची तसबीर होती, पणती होती. मी एक पान हातात घेतलं, ते खरबरीत लागलं, पानं समोरासमोर आलेली दिसली, आणि मी बोलून गेलो की हा उंबर नव्हे, काळा उंबर आहे. माझी बायको नंदिनी हिने माझा पाय जोरात दाबला, पण तोवर व्याह्यांचा चेहरा उतरला होता.

लग्न मोडलं नाही ते निशांतमुळे. नवरा मुलगा तोच. तो मोठ्याने हसत सुटला आणि मला म्हणाला, “बाबा, तीन पिढ्या आम्ही भलत्याच झाडाला नमस्कार करतोय. तरीच आमच्या घरात कुणाला पहिला नंबर मिळत नाही.”

त्या दिवसापासून त्याने माझी फिरकी घ्यायचा धंदाच मांडला. कुठेही गेला की झाडाचा फोटो पाठवायचा आणि खाली लिहायचा, ‘बाबा, हा वड ना?’ नारळाचा फोटो, खाली तेच. निवडुंगाचा फोटो, खाली तेच. मी प्रत्येक वेळी नाव, कुळ, ओळखायची खूण असं रीतसर उत्तर द्यायचो. एकदा त्याने रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाचा फोटो पाठवला. मी लिहिलं, ‘हा वड नाही. कुळ तपासून सांगतो.’ त्यावर त्याचा फोन आला आणि पाच मिनिटं तो नुसता हसत होता. मला मुलगा नाही याची खंत मला कधी वाटली नव्हती. पण निशांत आल्यावर, असता तर असाच असता, असं मात्र वाटायला लागलं.

आमची मुलगी गीतांजली. सहा-सात वर्षांची होती तेव्हापासून माझ्याबरोबर भटकायची. वड-पिंपळाच्या जातीचं झाड कसं ओळखायचं ते तिला मी तीन शब्दांत शिकवलं होतं: चीक, टोपी, अंगठी. देठ मोडला की पांढरा चीक येतो. फांदीच्या टोकाला कोवळ्या पानावर निमुळती टोपी असते. ती टोपी गळाली की फांदीवर गोल वळ राहतो, अंगठी काढल्यावर बोटावर राहतो तसा. जात कळली की मग झाड कोणतं ते पान सांगतं. पान उलटं करायचं आणि अंगठा फिरवायचा. वडाचं कोवळं पान खालून मऊ लागतं आणि देठ पानाला मिळतो तिथे मेणचट ठिपका असतो. नांदरुकाचं पान लहान, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. गीतू डोळे मिटून हे ओळखायची. पुढे ती कम्प्युटरला गेली, नोकरीला लागली, उलव्याला तिचं आणि निशांतचं घर झालं आणि पानं मागे पडली. निदान मला तसं वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वी निशांतला रक्ताचा कॅन्सर निघाला. धाकट्या भावाचा, स्वानंदचा, बोनमॅरो जुळला. तो दिला, आठ महिने सगळं छान गेलं. त्या आठ महिन्यांत त्याने मला एकशे दहा फोटो पाठवले. या मे महिन्यात आजार उलटला आणि छातीत संसर्ग झाला. त्याला बेलापूरच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलं. फोटो बंद झाले.

ज्येष्ठातला सोमवार होता. दुपारी डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला बोलावलं. भला माणूस होता, डोळ्यांत बघून बोलला. फुप्फुसं साथ देत नाहीयेत, म्हणाला. दोन दिवस, फार तर चार. आज तो शुद्धीवर आहे, नीट बोलतोय, उद्या-परवा तसा असेल याची खात्री नाही. “त्यांच्या मिसेसना मी सांगू, की तुम्ही सांगाल?”

मी म्हणालो, मी सांगतो. सांगणं हे तर माझं आयुष्यभराचं काम.

गीतू खाली कॅन्टीनमध्ये होती. लॅपटॉप उघडून, कानात वायर घालून ऑफिसचा कॉल घेत होती. रजा संपत आली होती, तिथूनच काम करायची. मला बघून तिने एक बोट वर केलं, एक मिनिट म्हणून. मी समोर बसलो. चहा मागवला. ते एक मिनिट बरंच लांबलं आणि मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. मध्ये तिने आवाज बंद करून मला एवढंच सांगितलं, “बाबा, प्लेटलेट्स थोड्या वाढल्यात. बघा तुम्ही, महिन्याअखेर घरी आणू.” तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग दिसत होता.  उद्या सांगू, असं ठरवून मी चहा प्यायलो आणि घरी आलो. नंदिनीला सांगितलं तेव्हा ती खाली बसली. मग म्हणाली, “अहो, तिला आजच सांगायला हवं होतं.” मी तिच्यावर ओरडलो.

दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा. गीतू सकाळी सातला आंघोळीला म्हणून आमच्याकडे आली आणि ओले केस पुसत म्हणाली, “आई, आज मी पूजा करणार आहे. तुझी हिरवी साडी दे.”

हे आम्हाला नवीन होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, तिने कधी उपास केला नव्हता. सात जन्म हाच नवरा मागतेस का, असं कुणी विचारलं तर निशांतच मध्ये पडून सांगायचा, “हा एकच जन्म तिने कसाबसा काढलाय, तिला छळू नका.”

“दहाला डॉक्टर राऊंडला येतात,” गीतू म्हणाली. “त्याच्या आत पोचायचंय. वडापाशी जाऊन रांगेत उभं राहायला टाइम नाही. बाबा, तुम्ही फांदी आणाल?”

फांदी हा आमच्या घरात वादाचा विषय. नवऱ्याला आयुष्य मागायचं आणि त्यासाठी झाड तोडायचं, हे मला कधी पटलं नाही. छत्तीस वर्षं मी घरात फांदी येऊ दिली नाही. नंदिनी आपली चालत झाडापाशी जायची. गीतूला हे पाठ होतं. तरी तिने मलाच सांगितलं. मी पिशवी घेतली आणि निघालो.

आमच्या भागात मला माहीत असलेले तीन वड. पहिल्यापाशी गेलो तर हात पोचेल तिथवरच्या सगळ्या डहाळ्या ओरबाडून नेलेल्या. मोडलेल्या जागांतून चीक गळून बुंध्यावर ओघळला होता. दुसऱ्याची तीच गत. तिसऱ्याला फांद्या होत्या, पण माझ्या डोक्यावर दोन पुरुष उंच. सदुसष्टाव्या वर्षी मी त्या झाडाच्या पारंबीला लोंबकळून पाहिलं. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका बघत होत्या. पारंबी हातातून सटकली, तळहात सोलवटला, आणि साडेआठ वाजले.

स्टेशनबाहेर भागीरथीबाई बसते. खाडीकडच्या गावातली, आमच्या घरची नेहमीची, एरवी भाजी विकते, सणाला पत्री. तिच्यापुढे एकच जुडी उरली होती.

“सर, या. वड सगला सकालीच गेला,” ती म्हणाली. “ही येकच हाय.”

मी जुडी उचलली. बघायचीही गरज नव्हती. “बाई, हा वड नाही. नांदरुक आहे.”

“मंग? पारंब्या हायत ना त्याला?” तिने फांदीला लोंबणारी दाढीसारखी मुळं मला दाखवली. “पारंबी हाय म्हंजे वडूच. बाया काय पान उलटं करून बगतान?”

एरवी मी तिला सोडलं नसतं. माझं एक ठरलेलं वाक्य होतं, वर्गात हमखास चालायचं. या प्रत्येक झाडाच्या फळात शिरणारी माशी वेगळी असते. चिलटापेक्षा लहान जीव, पण वडाची माशी नांदरुकाच्या फळाकडे फिरकत नाही. तिला कळतं ते तुम्हा पदवीधरांना कळत नाही, असं मी म्हणायचो. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

“कुनासाठी नेताव? घरच्या बायसाठी?”

“मुलीसाठी.”

“जावई बरं हायत ना?”

“बरे आहेत,” मी म्हणालो आणि जुडी पिशवीत घातली.

घरी हॉलमध्ये सोफा सरकवून नंदिनीने पाट मांडला होता. तांब्यात पाणी, हळदकुंकू, सुताचं रीळ, पाच आंबे. गीतू हिरवी साडी नेसून उभी होती. महिनाभरात ती इतकी वाळली होती की साडीच्या दोन निऱ्या जास्त झाल्या होत्या. तिने माझ्या हातून फांदी घेतली, एकदा खालीवर पाहिली. एक पान बोटांत धरलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “बाबा, हा वड आहे ना?”

मी आयुष्यात परीक्षकांशी भांडलो, प्रिन्सिपॉलशी भांडलो, व्याह्यांचा देव खोटा पाडला. एका पानाचं नाव चुकू नये म्हणून. आणि समोर माझी मुलगी, जिला कालच सांगायचं होतं ते मी सांगितलं नव्हतं. हा वड नाही म्हणालो असतो तर तिचं तोंड कसं झालं असतं ते मला दिसत होतं. मला ते बघवणार नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “वडच आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान हलवली आणि फांदी तांब्यात उभी केली. पूजा तिने अगदी सावकाश केली. सूत गुंडाळत पाटाभोवती सात फेऱ्या घातल्या, सोफ्याच्या कडेने, टीव्हीला पदर लागू न देता. घाई होती म्हणालेली मुलगी, पण एकही फेरी तिने उरकली नाही. नंदिनी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी होती. साडी न बदलता गीतू तशीच हॉस्पिटलला गेली.

त्यानंतर ती घरी आली नाही. लॅपटॉप तिने स्वानंदकडे देऊन टाकला. मंगळवारचा सगळा दिवस आणि बुधवारचाही ती निशांतच्या उशाशी होती. आम्ही डबा घेऊन गेलो की बाहेर येऊन घ्यायची आणि म्हणायची, “थोड्या वेळाने या हां, आम्ही बोलतोय.” दाराच्या काचेतून दिसायचं, त्याने मास्क किंचित सरकवलेला, तिचा कान त्याच्या तोंडाशी. बुधवारी डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचं विचारलं तेव्हा दोघांनी नको म्हणून सांगितलं. मला वाटलं, तिला फार आशा आहे म्हणून नको म्हणतेय. मी मूर्ख माणूस. नंदिनीला मी म्हणालोसुद्धा, की माझ्या एका खोट्याने पोरीला बळ आलं बघ. ती डबा भरत राहिली.

गुरुवारी दुपारी निशांत गेला. त्याची आई गावाहून आली होती. तिला आणायला गीतू खाली गेली, तेवढ्यात. आत मी एकटा होतो. तो अडतीस वर्षांचा होता. मी आईबाप पोचवले, भाऊ पोचवला, पण असं कधी झालं नव्हतं. चार दिवस मला माझ्याच घरातल्या खोल्या कळत नव्हत्या.

गीतू रडली नाही. दिवस केले, कागदांवर सह्या केल्या, सासूला धरून बसवलं, आल्या-गेल्याला पाणी दिलं. चौदाव्या दिवशी ती आमच्याकडे आली. संध्याकाळी गॅलरीत बसली होती. मला राहवेना. तिच्याशी मी खोटं बोललो होतो आणि त्या खोट्यावर तिने मन लावून पूजा केली होती. पुढे कधी तिला कळलं असतं तर ती स्वतःलाच दोष देत बसली असती, चुकीच्या झाडाला सूत बांधलं म्हणून. माझी मुलगी तशी नाही. पण दुःखात माणूस कसा होईल ते सांगता येत नाही.

“गीतू,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी आणलेली फांदी...”

“नांदरुकाची होती,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो.

“हातात घेतल्या घेतल्या कळलं. बाबा, सहा वर्षांची असल्यापासून तुम्ही माझ्याकडून पानं उलटी करून घेतलीत.”

“मग विचारलंस कशाला?”

“तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं होतं. आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये तुम्ही चहा पिताना माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, काहीतरी आहे. तुम्ही नांदरुक म्हणाला असतात, भागीरथीबाईच्या नावाने ओरडला असतात, फांदी फेकून दुसरी आणायला गेला असतात, तर मी समजले असते की निशांत घरी येणार.” ती थांबली. “तुम्ही वड म्हणालात.”

खाली कुणाचं तरी पोर सायकलची घंटी वाजवत होतं. 

“मी जाऊन निशांतला सांगितलं. म्हटलं, बाबा नांदरुकाला वड म्हणाले. तो इतका हसला की मास्क काढावा लागला, सिस्टर धावत आली. मग म्हणाला, म्हणजे डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय. चल, आता बोलून घेऊ.”

त्या क्षणी मला हलकं वाटलं. मला वाटलं, ती मला सोडवतेय. “म्हणजे निदान तुम्हाला दोघांना...”

“निदान वगैरे काही नाही, बाबा,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. “सोमवारी तो धड बोलत होता. वर एकटाच पडून होता. मला तीनदा मेसेज केला, वर ये म्हणून. मी लिहिलं, कॉल संपला की येते. मी दोन तास त्या कॉलवर होते. तुम्ही समोर बसून चहा प्यायलात आणि निघून गेलात. मंगळवारपासून एका वाक्याला त्याला तीनदा थांबावं लागत होतं. सोमवारची ती संध्याकाळ माझी होती. ती तुम्ही घेतलीत.”

माफ कर, असं मी म्हणालो असेन. नीट आठवत नाही. तिने समोरच्या बिल्डिंगकडे तोंड फिरवलं. मग वळली.

“एक विचारते. या वेळी खरं सांगायचं.”

“सांगतो.”

“मी आईंना आणायला गेले तेव्हा आत तुम्हीच होतात. शेवटी त्याला त्रास झाला?”

सगळ्यांना मी सांगत आलो होतो की शांतपणे गेला, झोपेत गेला. त्याच्या आईला सांगितलं होतं. नंदिनीलाही तेच.

“झाला,” मी म्हणालो. “सात-आठ मिनिटं. श्वास मिळत नव्हता.”

“मला शोधत होता?”

“हो. दाराकडे बघत होता.”

तिने माझा हात धरला, आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडायला लागली. नंदिनी आतून धावत आली आणि माझ्यावर ओरडली, काय बोललात तिला, कशाला बोललात.  गीतूने माझा हात सोडला नव्हता.